कालव्यावरून गेलेली रेघ

मोठ्या शहराच्या कडेला दोन लहान शहरं होती आणि त्यांच्या मधून एक कालवा वाहत होता. कालव्याच्या या बाजूचे लोक स्वतःला अलीकडचे म्हणायचे आणि समोरच्यांना पलीकडचे. समोरचेही नेमकं तेच करायचे. म्हणजे दोन्ही शहरं अलीकडचीही होती आणि पलीकडचीही. यावरून टपालात गोंधळ व्हायचा, सोयरिकीत थट्टा व्हायची, आणि पुढे प्रादेशिक मंडळाच्या बैठका सुरू झाल्या तेव्हा तर इतिवृत्त लिहिणाऱ्या कारकुनाला घाम फुटायचा. ‘पलीकडच्या शहराने पुलाचे कठडे दुरुस्त करावेत असे ठरले’ असं त्यानं एकदा लिहून टाकलं, आणि दोन्ही नगरपालिका वर्षभर एकमेकींकडे बघत बसल्या. कठडे तसेच राहिले.

त्या दोन शहरांपैकी एकात नकाशेताई राहायच्या. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण नगरपालिकेत शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना हेच म्हणत. त्यांचे वडील लेथवर काम करायचे. पुलाच्या अगदी कोपऱ्यावर त्यांचं पत्र्याच्या छपराचं दुकान होतं. आत एक भलामोठा लेथ, एक ड्रिल, आणि जमिनीवर कायम लोखंडाचा कुरळा कीस. दारातून आत पाऊल टाकलं की तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. कुणाच्या पंपाचा दांडा मोडलेला असायचा, कुणाच्या गिरणीचं चाक झिजलेलं असायचं. वडील मुळात कमी बोलणारे. मोडका तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे आणि लेकीसमोर ठेवून म्हणायचे, “हे काढ.”

मग ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून त्या तुकड्याचं चित्र काढायची. मोठा भाऊ मोजमाप घेऊन ओरडायचा, ती चित्रावर आकडे टाकायची. लेथच्या आवाजात दादाचा आवाज ऐकायची तिला इतकी सवय झाली, की पुढे कितीही गडबडीत बसून ताईंना काम करता यायचं. आरेखनाचा कोर्स करायचं डोक्यात घातलं तेही दादानंच. आई म्हणाली, “पोरीच्या जातीला नकाशे कशाला?” तर दादा मशीन पुसता पुसता म्हणाला, “अगं, तिचा हात बघ की. मशीनवर आम्ही दोघं आहोतच. एक जण टेबलावर पाहिजे.”

झालं. आईचा विरोध तिथंच संपला. घरात दादाचा शब्द चालायचा, वडील गेल्यावर तर जास्तच.

नगरपालिकेतली ती आरेखनाची खोली ताईंच्या मनात अजून जशीच्या तशी आहे. इमारतीच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेकडे मोठाल्या खिडक्या, त्यांच्यासमोर उतरती टेबलं. पारदर्शक कागद टाचण्या लावून ताणून बसवायचा, शाईचं पेन हलक्या हातानं ओढायचं, चूक झाली की पात्यानं शाई अलगद खरवडून काढायची. मागच्या खोलीत नकाशाच्या प्रती निघायच्या, त्या मशीनच्या अमोनियाचा भपकारा सगळ्या मजल्यावर पसरायचा. नवीन माणूस आला की डोळे चोळत बसायचा आणि जुनी माणसं म्हणायची, “रडू नका हो, इतकं काही वाईट खातं नाही हे.” बडे आरेखक म्हणून जे गृहस्थ होते ते प्रत्येक नकाशावर आधी फुंकर मारायचे, मग तो बघायचे. धूळ असो नसो, फुंकर ठरलेली. ताईंनाही पुढे ती सवय लागली.

लग्नाचं जमलं नाही, असं लोक त्यांच्याबद्दल म्हणायचे. ताई म्हणायच्या, “जमलं नाही नव्हे, जमवलं नाही.” दादाचं लग्न झालं तसा तो पुलाच्या बाजूला वेगळा राहू लागला आणि ताई आईबरोबर मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत राहिल्या. वहिनी हसरी, बडबडी, आणि कुणाच्या मनात काय चाललंय हे त्या माणसाच्या आधी ओळखणारी. चार पावलांवर भाऊ, चार पावलांवर नोकरी. ताईंचं बरं चाललं होतं.

मग प्रादेशिक मंडळ आलं. मोठं शहर आणि भोवतालची लहान शहरं यांनी रस्ते, पाणी, वाहतूक यांचा एकत्र विचार करायचा, असा कायदाच झाला. नगराध्यक्षांना हा स्वतःचा अपमान वाटला. “आमच्या गटारींचं आम्ही बघू. यांना कशाला सांगायचं?” पण बैठकीला कुणाला तरी पाठवणं भाग होतं. साहेबांनी नकार दिला, उपसाहेबांचं पोट दुखायला लागलं, बडे आरेखक फुंकर मारून गप्प बसले. शेवटी नकाशे ताईंनीच काढलेले, म्हणून ताईंनाच पाठवलं.

“काय करायचं तिथं जाऊन?” ताईंनी विचारलं.

“काही नाही. बसून यायचं,” नगराध्यक्ष म्हणाले. “कशालाही हो म्हणायचं नाही, म्हणजे झालं.”

मंडळाच्या सचिवबाई ठेंगण्या होत्या, चष्मा साखळीला अडकवलेला, आवाज मात्र खोलीच्या दुप्पट. त्यांचा एकच नियम होता. पहिल्या विषयावर एकमत झाल्याशिवाय चहा आत यायचा नाही. शिपाई ट्रे घेऊन दाराबाहेर उभा, आत सगळे एकमेकांची तोंडं बघतायत, आणि दाराच्या फटीतून चहाचा वास येतोय. मोठ्या शहराचे गलेलठ्ठ अधिकारी या एका गोष्टीनं भराभर वाकायचे. वाकायचे नाहीत ते एकटे पलीकडच्या शहराचे इंजिनिअर.

ते उंच, काटकुळे, कोटाच्या खिशाला शाईचा डाग. विषय कुठलाही असो, ते उठायचे, कोट नीट करायचे आणि म्हणायचे, “आमची हरकत आहे.” रस्ता रुंद करायचा, हरकत. अरुंद ठेवायचा, हरकत. पुढच्या बैठकीची तारीख ठरवायची, तरी हरकत. मंडळात त्यांचं नाव हरकतराव पडलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं नाही. बहुतेक त्याच एका गोष्टीला त्यांची हरकत नव्हती.

बैठक संपली की ताई आणि हरकतराव एकाच बसनं परत निघायचे, कारण मोठ्या शहराची बस पुलापर्यंतच यायची. पहिले काही महिने एक जण पुढच्या दारापाशी बसायचा आणि दुसरा मागच्या. एके दिवशी बस भरलेली होती आणि एकच बाक रिकामा होता. ताई बसल्या. हरकतराव दांडा धरून उभे राहिले.

“बसा की,” ताई म्हणाल्या. “की यालाही हरकत आहे?”

ते बसले. मग म्हणाले, “तुम्हाला वाटत असेल, हा माणूस जन्मजात असाच आहे.”

“वाटतं थोडं.”

“मला कशालाच हरकत नसते हो. पण मी परत गेलो की आमचे साहेब एकच विचारतात, हरकत घेतली ना? घेतली म्हटलं की मी जेवायला मोकळा. तुमचे काय विचारतात?”

“हो म्हणाली नाहीस ना, एवढंच.”

दोघांना इतकं हसू आलं की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. त्या दिवसापासून ते शेजारी बसायला लागले. त्या बसची सीट फाटकी होती, खिडकी खाली करायला दोन माणसं लागायची, आणि चढावर इंजिन असं काही कण्हायचं की प्रवाशांनाच दम लागायचा. तरी ताई आज म्हणतात, की या दोन शहरांचं जे काही भलं झालं ते त्या सीटवर ठरलं, मंडळाच्या टेबलावर त्यावर फक्त सह्या झाल्या.

पहिलं भलं झालं ते बसचं. तेव्हा अलीकडची बस पुलाच्या या टोकाला वळायची आणि पलीकडची त्या टोकाला. मधला पूल माणसांनी चालत पार करायचा. आणि पलीकडच्या बसचा ड्रायव्हर असा सज्जन, की लोक पुलावरून पळत येताना दिसले की आधी हॉर्न वाजवायचा आणि मग निघून जायचा. ताई आणि हरकतराव यांनी ठरवलं, की हे बोलून उपयोग नाही, दाखवायला पाहिजे. त्यांनी सचिवबाईंना पाहणीला बोलावलं आणि मोटारीऐवजी बसनं यायची गळ घातली. बाई आल्या. पुलाच्या मधोमध पोचल्या आणि समोर हॉर्न वाजला. बाई पळाल्या. तो ठेंगणा देह, ती साखळीला हेलकावे खाणारी चष्म्याची काच, मागं ताई आणि हरकतराव. बस गेली ती गेलीच. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. श्वास जागेवर आल्यावर एवढंच म्हणाल्या, “हे रोज होतं?”

“रोज,” दोघं एकदम म्हणाले.

पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच होता. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “आज चहाच काय, पाणीसुद्धा मिळणार नाही.” हरकतराव उठले. कोट नीट केला. सगळ्यांनी मान खाली घातली.

“आमची हरकत,” ते म्हणाले आणि थांबले. “नाही.”

कारकुनानं मान वर करून विचारलं, “साहेब, पुन्हा सांगता का?”

पहिली बस पूल ओलांडून गेली त्या दिवशी ताईंची आई तिच्यात बसली. उभा जन्म कालव्याच्या काठाला गेला, पण ती कधी पलीकडे गेली नव्हती, जायचं कारणच पडलं नव्हतं. दादानं दुकान बंद ठेवून तिला नेलं. परत आल्यावर ताईंनी विचारलं, “काय, कसं आहे पलीकडे?”

आई चपला काढत म्हणाली, “आपल्यासारखीच धूळ आहे.” आणि मग जरा थांबून, “पण माणसं जागा देतात बसायला.”

ते दिवस ताईंना सोन्यासारखे वाटतात. संध्याकाळी ऑफिस सुटलं की त्या दुकानात डोकवायच्या. दादा हात पुसत बाहेर यायचा, वहिनी किटली घेऊन यायची, आणि तिघं पुलावरून जाणारी बस बघत बसायचे. दादा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, “ही बस आमच्या ताईनं आणली.” ताई म्हणायच्या, “एकटीनं नाही रे.” तो म्हणायचा, “गप. मला माहितेय.”

काही वर्षांनी ट्रामचा विषय निघाला. मोठ्या शहरातून निघून दोन्ही लहान शहरांतून जाणारी ट्राम, आणि तिच्याच पुलाखालून पाण्याची मोठी वाहिनी. जुना पूल अरुंद, त्यावरून ट्राम जाणं शक्य नव्हतं. नवा पूल बांधायला दोन जागा होत्या. एक जुन्या पुलाला लागूनच. दुसरी कालव्याच्या खालच्या अंगाला, गोदामांच्या पलीकडे, जिथं कुणाचं काही पडणार नव्हतं पण कुणी राहतही नव्हतं. दोन्ही मार्ग कागदावर उतरवायचं काम ताईंकडे आलं. पहिल्या मार्गाची पेन्सिल मोठ्या रस्त्यावरून निघाली, बाजाराला वळसा घालून पुलाच्या कोपऱ्यावर आली आणि ताईंचा हात थांबला. समोर वडिलांच्या दुकानाचा तो छोटा चौकोन होता. तो चौकोन नकाशावर पूर्वी त्यांनीच काढला होता.

त्या उठून साहेबांकडे गेल्या. “हे काम दुसऱ्या कुणाला द्या.”

“दुसरं आहे कोण?” साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मग त्यांनी सचिवबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. “रेघा तुम्ही काढा,” त्या म्हणाल्या. “ठरवताना मात्र खोलीत थांबू नका. आणि सगळं जाहीर होईपर्यंत घरी बोलू नका. इतरांना जे आधी कळणार नाही, ते तुमच्या भावालाही कळायला नको. जमेल?”

“जमेल,” ताई म्हणाल्या. मग रोज संध्याकाळी दुकानात जाऊन त्या चहा प्यायच्या आणि जमवायच्या. वहिनीनं एकदा विचारलंच, “ताई, चहा गोड झालाय का? तोंड असं का करता?”

निर्णयाच्या बैठकीला ताई बाहेर व्हरांड्यात बसल्या. चहाचा ट्रे धरलेला शिपाई शेजारी उभा. आतून हरकतरावांचा आवाज आला. “आमची हरकत आहे. पूल खालच्या अंगालाच व्हावा.” आत गलका झाला. दोन्ही शहरं त्या वेळेपर्यंत जुन्या पुलालगतच्या जागेच्या बाजूनं होती, हरकतरावांच्या साहेबांसकट. एकमताशिवाय काही ठरणार नव्हतं, म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला आणि चहा थंडगार होऊन परत गेला.

बसमध्ये ताईंनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, “ही हरकत तुमच्या साहेबांनी सांगितली नव्हती.”

“नव्हती.”

“मग?”

हरकतराव समोरच्या सीटकडे बघत म्हणाले, “आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरून घेतल्या. म्हटलं, एक तरी आपल्या मनाची घ्यावी.”

इतक्यात बस जुन्या पुलावर चढली आणि गर्दीमुळं थांबली. पुलाच्या पलीकडच्या टोकाला दोन्ही शहरांचा दवाखाना होता. खिडकीखालून एक बाई चालली होती, हाताला पट्टी, नवऱ्याच्या खांद्यावर रेललेली. थोडं चालायची, कठड्याला टेकायची, पुन्हा चालायची. कपाळावर घाम होता. नवरा तिला सारखं म्हणत होता, “आलंच, आलंच.” दवाखाना समोर दिसत होता आणि तरी येत नव्हता. ताई तिच्याकडे बघत राहिल्या, हरकतरावही.

“खालचा पूल झाला तर थांबा तिकडे जाईल,” ताई शेवटी म्हणाल्या. “हिला गोदामांपासून चालत यावं लागेल. चढावरनं.”

“माहितेय मला.”

“मग मागं घ्या ती.”

“ताई, तुमच्या वडिलांची जागा आहे ती.”

“म्हणूनच सांगतेय. माझ्यासाठी घेतलेली हरकत मला रोज या पुलावर दिसेल. मागं घ्या.”

हरकतरावांनी पुढच्या बैठकीत हरकत मागं घेतली. नवा पूल जुन्या पुलाला लागून होणार, हे ठरलं.

नकाशे नगरपालिकेच्या सभागृहात लोकांना बघायला लावले. सकाळपासून रांग होती. कुणीतरी गिऱ्हाइकानं दुकानात येऊन सांगितलं आणि दादा तेलकट कपड्यांनिशी तसाच सभागृहात गेला. तिथल्या शिपायानं नंतर ताईंना सांगितलं. दादा नकाशासमोर बराच वेळ उभा होता. रेघेकडे त्यानं एकदाच बघितलं. मग खाली लिहिलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. शिपाई म्हणाला, “काही हवंय का?” तर दादा म्हणाला, “नाही. अक्षर ओळखीचं आहे.”

संध्याकाळी तो घरी आला. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा उंबऱ्याच्या आत आला नाही.

“तू काढलीस ती रेघ?”

“हो.”

“कधीपासून ठाऊक होतं?”

“बरेच दिवस.”

“आणि रोज येऊन चहा पीत होतीस.”

मंडळानं ठरवलं, माझ्या हातात काही नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. जग तेच म्हणतं. पण दादाशी त्या कधी खोटं बोलल्या नव्हत्या.

“दादा, दुकान वाचत होतं. पूल खाली जाणार होता. मीच नको म्हणाले.”

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. दादा काही ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “बरं,” तो म्हणाला. “बरं केलंस.” आणि गेला.

त्यानंतर तो ताईंशी बोलायचा बंद झाला. आईला भेटायला यायचा तो ताई ऑफिसात असताना. ताई पुलाकडून जायच्या बंद झाल्या, मागच्या रस्त्यानं वळसा घालून कामाला जायच्या. आई दोघांच्या मध्ये काही बोलली नाही, फक्त दादा येऊन गेला की त्याचा पेला घासायला ठेवायची नाही. ताई आल्या की तो ओट्यावर दिसायचा आणि त्यांना कळायचं, आज दादा येऊन गेला. वहिनी मात्र उघड यायची. “तो नाही बोलत तर मी बोलते,” म्हणायची. “माझं कशाला तोंड बांधता?”

दुकानाच्या बदल्यात शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत एक मोकळी शेड मिळाली. लेथ हलवायला क्रेन आणली. छप्पर उतरवलं तेव्हा आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षांचं काळं तेल उन्हात चमकत होतं, असं वहिनी सांगत आली. सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, “ताई, उद्या सुट्टी काढा.”

“कशाला?”

“मशीन बसवायचीय. पाणसळ लावून सपाट करायची. त्याला आता तो बुडबुडा दिसत नाही नीट. चष्मा लाव म्हटलं तर अंगावर येतो. कामगारांना सांगायची लाज वाटते त्याला. मला ते कळत नाही. तुम्ही या.”

“त्यानं बोलावलंय?”

“त्यानं बोलावलं असतं तर मी कशाला आले असते?”

शेड मोठी होती, नवीन होती, आणि हाक मारली तर आवाज घुमायचा. लेथ मधोमध उभा. दादा जमिनीवर आडवा पडून पायाचे बोल्ट आवळत होता, फक्त त्याचे पाय बाहेर दिसत होते. ताई गेल्या, पाणसळ उचलली, मशीनच्या सपाट भागावर ठेवली आणि खाली वाकून बघितलं.

“कुठं आहे बुडबुडा?” आतून आवाज आला. त्याला वाटलं वहिनी आहे.

“तुझ्या अंगाला,” ताई म्हणाल्या. “थोडासा.”

आतला पाना थांबला. बाहेर कुठंतरी कुणीतरी पत्रा कापत होतं, तेवढाच आवाज. मग पाना पुन्हा फिरला.

“आता?”

“अजून. थोडं. आलं. थांब, पुढं गेलं.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय.”

दुपार उलटून गेली. चारही बाजू झाल्या. त्या सगळ्या वेळात दोघं बुडबुड्याशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. दादा बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत सिमेंटची धूळ होती. त्यानं लेथवर हात ठेवला, सुरू केला, कान देऊन ऐकलं. मशीन एका सुरात चालली. “ठीक आहे,” तो म्हणाला. हे मशीनला होतं की बहिणीला, ते ताईंना कळलं नाही. पण वहिनीनं आणलेला चहा त्यानं दोन पेल्यांत ओतला आणि एक ताईंसमोर सरकवला.

पुलाला वर्षं लागली. ट्राम सुरू झाली त्या दिवशी दोन्ही नगराध्यक्षांना फीत आपल्याच टोकाला हवी होती. तेव्हा दोन फिती बांधल्या, दोन भाषणं झाली, आणि ट्रामनं दोन्ही फिती एकामागून एक तोडल्या. सचिवबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. त्या मागच्या डब्यात खिडकीशी बसल्या आणि कुणालाही पळावं लागत नाही याची पुलावर खातरजमा करून घेतल्यासारखं बाहेर बघत राहिल्या. दवाखान्याच्या दारातच थांबा होता. हरकतराव ताईंच्या शेजारी बसले होते. सीट नवी, गुळगुळीत, जराशी निसरडी. “आपली ती फाटकीच बरी होती,” ते हळूच म्हणाले. थोड्याच दिवसांत ते नोकरीतून निवृत्त होऊन मुलीकडे दूरच्या गावी गेले. जाताना ट्रामच्या दारातून त्यांनी हात हलवला आणि दार मिटलं. पुढची दोन-तीन वर्षं त्यांचा फोन यायचा. मग त्यांच्या मुलीचा आला.

आई पलीकडच्याच दवाखान्यात गेली. शेवटच्या आठवड्यात दादा आणि ताई आळीपाळीनं तिच्याजवळ बसले. ट्राममधून उतरलं की वॉर्ड समोर दिसायचा.

ताईही आता निवृत्त आहेत. मध्यंतरी एकदा त्या जुन्या ऑफिसात गेल्या. दोन्ही शहरांचा नियोजन विभाग आता एकच झालाय आणि तो त्याच वरच्या मजल्यावर आहे. उतरती टेबलं गेली, त्या जागी संगणक आहेत. अमोनियाचा वास कुठंच नाही. तिथल्या मुलींनी त्यांना खुर्ची दिली, पडद्यावर ट्रामची पुढची वाढवायची लाइन दाखवली. बोट फिरवलं की रेघ सरकत होती, पुन्हा होती तिथं येत होती. ताईंना कौतुक वाटलं आणि मधेच उगाच भरून आलं. “इथं खिडकी होती ना मोठी?” त्यांनी विचारलं. खिडकी होतीच, पडदे ओढलेले होते, संगणकावर उजेड पडतो म्हणून. एका मुलीनं उठून पडदा सारला. कालवा दिसला, पूल दिसला, आणि जिथं कधीकाळी कुरळा कीस पडायचा तिथून एक ट्राम वळत गेली.

दादानं शेड पुढं विकली, हात थरथरायला लागले तेव्हा. आता दर रविवारी दुपारी तो आणि वहिनी वसाहतीकडच्या घरून ट्रामनं ताईंकडे येतात. ट्रामबद्दल त्याच्या तक्रारी संपत नाहीत. दारं फार लवकर मिटतात, माणसं मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतात, वळणावर चाकं किंचाळतात, “त्यांना जरा वंगण द्या म्हणावं.” ताई म्हणतात, “मी कुणाला सांगू आता?” तो म्हणतो, “का, तूच आणलीस ना?”

कालव्याचा थांबा ताईंच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी आहे, दुकान होतं त्याच कोपऱ्यावर. दादा तिथं उतरत नाही. इतक्या वर्षांत एकदाही उतरलेला नाही. आईच्या आजारपणातसुद्धा तो पूल ओलांडून दवाखान्याशी उतरायचा. घरी यायचं तर तो आधीच्या, बाजाराच्या थांब्यावरच उतरतो आणि तिथून चालत येतो. गुडघे दुखतात तरी. वहिनी कालव्यालाच उतरते, आधी येऊन पोचते, चप्पल काढता काढता म्हणते, “येतोय तुमचा भाऊ, लांबच्या वाटेनं.” ताई त्याला यावरून कधी काही विचारत नाहीत. वहिनी आत आली की लगेच चहा ठेवत नाहीत, थोडं थांबतात, गॅलरीत उभ्या राहून रस्त्याच्या वळणाकडे बघतात. तो वळणावर दिसला, कमरेवर हात ठेवून दम घेताना, की मग आत जाऊन पातेलं चढवतात.